ड्रॅगनच्या तोंडातला रविवार

नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी मी तो गट सोडला. उठले, रीतसर वाकून नमस्कार केला, बूट घातले आणि निघाले.

असं काही झालेलं नाही. तुम्ही हे वाचलं नाहीत, मी लिहिलं नाही. अजून सप्टेंबर आहे. जपानमधल्या आमच्या मात्सुए शहरात रिपरिप चालू आहे, तळ्यावर धुकं असं पसरलंय की पलीकडचा किनारा कुणीतरी खोडरबराने पुसून ठेवलाय... आणि मी समाजकेंद्राच्या जिन्यात ओली छत्री झटकत उभी आहे. कुठला गट, कसला गट, मला काही माहीत नाही. मी साबण शिकायला आलेय.

सुगंधी साबण, घरच्या घरी. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत अगदी जवळून बघते, आणि ते मात्र माझ्या खांद्यावरून मागच्या तक्त्यावरची अक्षरं वाचत असतात. अशा नोकरीत माणसाला आज ना उद्या छंद लागतोच.

वर दोन दारं होती. मी डावीकडचं सरकवलं.

आत ततामीच्या चटईवर एक बुटकं टेबल, त्यावर एक नकाशा, मूठभर फासे, आणि भोवती तीन माणसं. तिघंही एकदम वाकली. करड्या स्वेटरातले एक वयस्कर गृहस्थ हरवलेलं मांजर दारात दिसावं तसे माझ्याकडे बघत होते. "आलात," ते म्हणाले.

आमच्याकडे चुकीचं दार उघडलं तर ते परत लावून घ्यायला थोडा वेळ मिळतो. साधारण एका श्वासाएवढा. तेवढ्यात "माफ करा, चुकले" म्हटलं तर ठीक, नाहीतर तुम्ही सभासद. मी तो श्वास त्या गृहस्थांचा चेहरा बघण्यात घालवला.

एक तरुण उठला आणि त्याने स्वतःची उशी माझ्यापुढे सरकवली.

"घ्या," तो म्हणाला. "थोडी गरम असेल... मी बसलो होतो."

एवढं बोलून त्याचे कान लाल झाले. त्याचा चष्मा डावीकडे किंचित कलला होता. मी बसले. उशी खरंच गरम होती. माझ्या बाजूने सांगण्यासारखं तेवढंच आहे.

त्यांनी मला नाव विचारलं. म्हणजे खरं नाव नव्हे. अशा गटांत खरं नाव विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशात हात घालणं. प्रत्येकाने एक टोपणनाव घ्यायचं आणि त्याच नावाने वर्षानुवर्षं एकमेकांना चहा द्यायचा. ते गृहस्थ होते कारासु-सान, म्हणजे कावळा. शेजारची कायद्याची विद्यार्थिनी नेगी-सान, म्हणजे कांद्याची पात. आणि उशीवाला होता यामोरी-सान, म्हणजे पाल. मी घाबरून हातातल्या पिशवीकडे पाहिलं आणि तिच्यावर छापलेला पहिला शब्द वाचला. अशी मी झाले सेक्केन-सान. साबण.

खेळ असा होता. कारासु-सान सूत्रधार. ते गोष्ट सांगणार, बाकीच्यांनी एकेका पात्राच्या तोंडून बोलायचं, आणि जमलं की फसलं हे फाशांनी ठरवायचं. माझ्या वाट्याला एक संन्यासिनी आली. ती जखमा बऱ्या करायची. फक्त त्या जगात कुणाला जखमाच होत नसत.

त्याचं कारण नेगी-सानने मला पुढे कधीतरी हळूच सांगितलं. फार पूर्वी एका खेळाडूचा सरदार गोष्टीत मेला. तो खेळाडू म्हणाला, छान झालं, वाकला, आणि परत कधी आला नाही. तेव्हापासून कारासु-सानच्या जगातले बाण चुकतात, दरोडेखोर वाट विचारून निघून जातात आणि वाघ भाजी खातात. मी रविवारमागून रविवार पट्ट्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन बसलेली असायची. त्यात कारासु-सान शहराच्या पाणी खात्यातून निवृत्त झालेले. गोष्टीतल्या प्रत्येक विहिरीला इतिहास होता. तो इतिहास ते वाचून दाखवत. उरलेला वेळ नेगी-सान नियमांचं पुस्तक उघडून आमच्या वाट्याच्या चाली आम्हाला समजावून सांगायची. "तुमची संन्यासिनी पगारी रजेवर आहे का?" असं तिने मला एकदा विचारलं.

वाईट माणूस एकही नव्हता, हीच अडचण. एखादा खडूस असता तर दुसऱ्याच रविवारी सुटले असते. मी चटईचे धागे बघत बसायची. भिंतीपलीकडून लॅव्हेंडरचा वास यायचा. तिकडे माझा वर्ग चालू असायचा, माझ्याशिवाय.

आणि मग यामोरी-सान बोलायचा.

म्हणजे तो स्वतः फक्त "चहा?" एवढंच बोलायचा. पण गोष्टीत तो एक तलवारबहाद्दर होता. बढाईखोर, निलाजरा, कुणाच्याही बापाला न भिणारा. पात्रात शिरला की त्याचा आवाजच बदलायचा. खिडकीवर पाऊस टपटपत असायचा, कपातून वाफ वर जायची, आणि त्या वाफेआडून तो कलता चष्मा माझ्याकडे बघायचा.

"भगिनी, मला जखम झालीय," तलवारबहाद्दर म्हणाला.

माझा हात आपोआप गाठोड्याकडे गेला. इतक्या आठवड्यांत पहिलंच गिऱ्हाईक. "कुठे?"

"ते... सांगण्यासारखं नाही."

"मग पट्टी कुठे बांधू?"

"तुम्ही नुसत्या शोधत राहिलात तरी चालेल."

नेगी-सानने पुस्तक चाळून सांगितलं की जागा न सांगितलेली जखम नियमाप्रमाणे बरी करता येत नाही. तलवारबहाद्दर एकदम विझला. त्या जागी यामोरी-सान उरला, कानापर्यंत लाल. "चहा?" त्याने विचारलं, भिंतीला.

तर माझा प्रश्न हा होता. रविवारची एकुलती एक दुपार मी विहिरींच्या इतिहासात बुडवत होते आणि आठवडाभर त्याचा धसका घेत होते. गट सोडायला हवा होता. पण गट सोडला की यामोरी-सानही सुटला. त्याचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, काम माहीत नाही. पालीला शोधायचं कुठे? भिंतीवर?

तरी एक दिवस मी ठरवलं. आमच्याकडे कुठलीही जागा सोडताना मिठाईचा बॉक्स न्यायचा असतो. चांगल्या कागदात बांधलेला. तो दोन्ही हातांनी पुढे सरकवायचा आणि म्हणायचं, "काही घरगुती कारणांमुळे..." पुढे कुणी काही विचारत नाही. मी दुकानात गिऱ्हाइकांच्या चष्म्याच्या काड्या वाकवताना मनातल्या मनात सराव केला. एक आजी मला म्हणाल्या, पोरी, बरं नाही का तुला.

रविवारी मी बॉक्स सरकवला. "खरं म्हणजे..." मी सुरुवात केली.

कारासु-सानचे डोळे पाणावले. या गटासाठी आजवर कुणी काही आणलेलं नाही, ते म्हणाले.

"...चहाबरोबर बरं लागेल म्हणून," मी वाक्य पूर्ण केलं.

पुढच्या खेपेला मोठा बॉक्स घेतला, म्हणजे गैरसमज व्हायला नको. मी "खरं म्हणजे" म्हणेपर्यंत नेगी-सानच्या तोंडात घास होता. त्याच्या पुढच्या खेपेला तर मला एकमताने मिठाई-प्रमुख नेमण्यात आलं. मीसुद्धा हात वर केला. सगळ्यांनी केला होता. परतभेट म्हणून कारासु-सानने स्वतःच्या घराच्या वळचणीला सुकवलेल्या पर्सिमन फळांची माळ माझ्या गळ्यात... नाही, हातात दिली. आता परतभेट घेतली म्हणजे तिचीही परतभेट आली. या चक्रातून आमच्याकडे अजून कुणी जिवंत सुटलेलं नाही.

पर्सिमन मात्र फार गोड होते. मी ते तळ्याकाठी बसून, धुक्याकडे बघत, एकेक करून खाल्ले आणि रडू येईल असं वाटत राहिलं.

मग मला दुसरा मार्ग सुचला. संन्यासिनी मेली तर? मेलेल्या माणसाला कुणी थांबवत नाही. त्या सरदाराचा खेळाडू नव्हता का निघून गेला? त्यावेळी आमची गोष्ट एका झऱ्यापाशी आली होती, आणि झऱ्यावर एक ड्रॅगन बसला होता. कारासु-सानने त्याच्या दातांचं वर्णन करून झऱ्याच्या पाण्याचा दाब सांगायला घेतला, तेवढ्यात मी म्हणाले, "संन्यासिनी ड्रॅगनच्या तोंडात जाते."

नेगी-सानचं पान उलटायचं थांबलं.

"आत?" कारासु-सानने विचारलं.

"आत."

त्यांनी बराच वेळ नकाशाकडे पाहिलं. मग घसा खाकरून म्हणाले की आज ड्रॅगनची दाढ दुखतेय. त्याला काही चावता येत नाही. त्याने संन्यासिनीला जिभेवर ठेवलंय आणि तोंड मिटलंय. आत उबदार आहे.

"मीपण जातो," तलवारबहाद्दर म्हणाला.

नेगी-सानने पुस्तक मिटलं. "कशाला? एकालाही चावता येत नाही त्याला. तिथे दोघं जाऊन काय करणार?"

"गर्दी," तलवारबहाद्दर म्हणाला.

कारासु-सान अचानक उठले. चहाचं पाणी संपलंय, ते म्हणाले. किटली भरलेली होती, ती त्यांनी दोन्ही हातांनी उचलली. नेगी-सानला त्यांनी सोबत बोलावलं. एकाने झाकण धरायला हवं, असं कारण दिलं. दार सरकलं. मिटलं.

आम्ही ड्रॅगनच्या तोंडात उरलो.

बाहेर पाऊस तळ्यावर पडत होता, अगदी बारीक, ऐकू येईल न येईल असा. खिडकीतून येणारा उजेड दुधासारखा झाला होता. खरोखरच कुणाच्या तरी मिटलेल्या ओठांतून येत असल्यासारखा. मी हळूच श्वास घेतला. जीभ हलू नये म्हणून.

"भगिनी," तो म्हणाला. आवाज तलवारबहाद्दराचा होता, पण शेवटी शेवटी थरथरला. "इथून बाहेर पडायचंय ना तुम्हाला?"

"ड्रॅगनच्या तोंडात आलं की सगळ्यांनाच पडायचं असतं."

"तो बॉक्स निरोपाचा होता."

मी कप उचलला. तो रिकामा होता.

"तिन्ही," तो म्हणाला. आता तलवारबहाद्दर कुठेच नव्हता. "एवढा चांगला कागद चहाबरोबर कुणी आणत नाही."

"पहिल्याच दिवशी कळलं होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही गेला असता," तो म्हणाला आणि फाशांकडे बघू लागला. जणू त्यांनीच पुढचं काहीतरी सांगावं.

मी हात पुढे केला. माझा धंदाच आहे तो, मी स्वतःला सांगितलं. दोन्ही हातांनी त्याचा चष्मा काढला, डावी काडी कानामागे जिथे वळते तिथे अंगठ्याने जराशी दाबली, आणि परत घातला. त्याचे डोळे माझ्यापासून हातभर अंतरावर होते. माझ्या मागे भिंतीवर अक्षरांचा तक्ता नव्हता. तो माझ्याकडेच बघत होता.

"कसं दिसतंय?" मी विचारलं. सवयीने.

"...जवळचं नीट दिसतंय."

"आणि लांबचं?"

"लांबचं बघायचं नाहीये."

मला हसू आलं, आणि त्याच हसण्यात माझ्या तोंडून निघून गेलं की मी चुकीचं दार उघडलं होतं, मला साबण शिकायचा होता. त्याने मान हलवली. त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"मी एसी दुरुस्त करायला आलो होतो," तो म्हणाला.

"काय?"

"दोन वर्षांपूर्वी. कारासु-सान म्हणाले, आलात. उशी दिली. मग एसीचं बोलायचं राहूनच गेलं." त्याने कोपऱ्यातल्या पांढऱ्या पेटीकडे पाहिलं. "तो अजून बंदच आहे."

आमच्याकडे एसीच खोली गरमही करतो; त्या खोलीत आम्ही सगळे कोट घालून का बसतो, हे मला त्या दिवशी कळलं. नेगी-सान खालच्या वाचनालयातून आवाजाची तक्रार करायला वर आली होती, असंही त्याने सांगितलं. तक्रार करता करता तिला खेळाचा एक नियम चुकीचा वाटला, आणि ती तो सुधारायला बसली.

म्हणजे योग्य दार उघडून त्या खोलीत आलेला माणूस एकच होता. तो दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन उशा मांडायचा आणि दाराकडे बघत बसायचा.

"मग मी कशी जाऊ?" मी म्हणाले.

त्याने फासे एका रांगेत लावले. मग अगदी हळू, एकेक शब्द चाचपून ठेवल्यासारखा बोलला. "मला इथे आवडायला लागलंय. मला बाहेर बोलता येत नाही. इथे तलवारबहाद्दराला येतं. मी राहणार. पण तुम्ही... तुम्ही धागे बघत बसता. विहिरीचं सुरू झालं की तुमचे खांदे पडतात. मला ते बघवत नाही." आणि मग, "माझ्यासाठी राहू नका."

"मी गेले तर—"

दार सरकलं. किटली आली. तिच्यात थेंबभरही पाणी वाढलेलं नव्हतं.

कारासु-सान बसले. ड्रॅगनची दाढ आता बरी होतेय, असं काहीतरी सांगू लागले. मी यामोरी-सानकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी त्या जिभेवरच म्हातारी झाले असते. मी घरगुती कारणं काढली नाहीत, मिठाई काढली नाही. मी म्हणाले, "कारासु-सान, मी चुकून आले होते. मला हा खेळ आवडत नाही. तुम्ही आवडता... सगळेच आवडता. खेळ नाही आवडत."

कारासु-सानने किटलीचं झाकण नीट बसवलं. नेगी-सानने पुस्तकात बोट घातलं होतं, पण अशा प्रसंगाचा नियम तिला सापडत नसावा.

"माहीत आहे," कारासु-सान म्हणाले. "तुमच्या पिशवीवर साबणाच्या वर्गाचं नाव होतं. मी चष्मा लावून वाचलं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही बसलात." त्यांनी नकाशाची एक सुरकुती बोटाने सारखी केली. "मला वाटलं, बसताहेत तर बसू दे. चूक माझी. मी दार दाखवायला हवं होतं." मग दुसरीही सारखी केली. "संन्यासिनीला मात्र मी मारणार नाही. ती कुठे जाते, तेवढं सांगा."

"घरी," मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले. यावेळी हातात वाचायचा कागद नव्हता, विहीर नव्हती. ड्रॅगनने तोंड उघडलं, ते म्हणाले. बाहेर उजाडत होतं. तळ्यावर धुकं होतं आणि धुक्यात एक होडी उभी होती, कुणाचीच नसलेली. संन्यासिनी तिच्यात बसली. गाठोडं तिने किनाऱ्यावर ठेवलं, कारण मागे राहणाऱ्यांना कधीतरी लागेल. होडी निघाली. कुणी हाक मारली नाही. हाक मारली असती तर ती वळली असती, आणि तिला वळायचं नव्हतं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या खेळात मला मनापासून आवडलेला तेवढाच भाग. आणि तो माझ्या जाण्याचा होता.

"फासे टाकायचे का?" नेगी-सानने विचारलं. पुस्तक तिने मिटून बाजूला ठेवलं होतं.

"नको," कारासु-सान म्हणाले. "हे जमतंच."

मी उठले, रीतसर वाकून नमस्कार केला, बूट घातले आणि निघाले. हे मी आधी कुठे म्हटलं असेल तर दुर्लक्ष करा. घडलं ते आत्ता.

पायऱ्या उतरून मी पावसात आले. डोळ्यांसमोर सगळं धूसर होतं. धुकं होतं, असं आपण म्हणू. छत्री उघडली आणि मागून फटफट असा चमत्कारिक आवाज आला. यामोरी-सान पळत येत होता. बूट घालण्याइतकाही धीर त्याला नव्हता. त्याने हाताला लागेल ते पायात सरकवलं होतं. त्या संडासातल्या सपाता होत्या. हिरव्या रंगाच्या. वर तसं लिहिलेलंही होतं.

तो समोर येऊन थांबला. धापा टाकत.

"आत नाव सांगायचं नसतं," तो म्हणाला. "हे बाहेर आहे."

"हो," मी म्हणाले. "हे बाहेर आहे."

"हसायचं नाही."

"नाही हसणार."

"फुकुमा किन्झाबुरो."

मी फार तर सत्तावीस वर्षांच्या मुलाकडे बघत होते आणि नाव ऐकत होते एखाद्या पणजोबांचं. पांढऱ्या मिशा, उन्हात वाळत घातलेले मुळे, मांडीवर मांजर. मी ओठ दाबून धरले. मग काही इलाज राहिला नाही. मी छत्रीसकट हसले, आणि तोही हसू लागला. भर पावसात, कुठल्याही पात्रात न शिरता.

"कात्सुबे चिगुसा," मी म्हणाले, श्वास मिळाल्यावर.

"चिगुसा-सान," त्याने म्हणून पाहिलं. पहिला घास जिभेवर ठेवून बघावा तसं. मग त्याने माझ्या छत्रीची दांडी धरली, माझ्या बोटांच्या वर नाही, खाली नाही, बरोबर त्यांच्यावर. "तलवारबहाद्दराने आत्ता काहीतरी म्हटलं असतं. मला... मला सुचत नाहीये."

"तुम्ही नुसते चालत राहिलात तरी चालेल," मी म्हणाले.

आता रविवारी मी उजवीकडचं दार उघडते आणि साबण करते. भिंतीपलीकडे तो तलवार चालवतो. कारासु-सानच्या जगात हल्ली थोडंफार खरचटतं म्हणे. गाठोडं उपयोगी पडतंय. संध्याकाळी केंद्र बंद झालं की आम्ही दोघं नदीवरच्या पुलावरून बस-थांब्याकडे चालत जातो. पाण्यात दिवे उतरलेले असतात. तो दर खेपेला अर्धं वाक्य बोलतो, आणि ते पूर्ण व्हायच्या आत पूल संपतो. म्हणून शेवटी मी शहराच्या रस्ते व पूल विभागाकडे रीतसर अर्ज दिला. तो असा:

महोदय, सदर पूल वाहनांसाठी पुरेसा असला तरी रविवारी सायंकाळी दोन व्यक्तींना सावकाश चालण्यास अत्यंत अपुरा पडत असल्याचे वारंवार निदर्शनास आले आहे. तरी पुलाची लांबी तातडीने वाढवण्यात यावी. तांत्रिक कारणास्तव ते शक्य नसल्यास पलीकडचा किनारा दर रविवारी, श्री. फुकुमा यांचे वाक्य पूर्ण होईपर्यंत, थोडा मागे सरकवून ठेवण्यात यावा, ही नम्र विनंती.